सुभद्रेच्या पुरळाचा नंबर

"आजाराले बी नंबर! उद्या देवाले लावतीन. मारुती एक, म्हसोबा दोन. मंग नारळ फोडाच्या आधी तक्ता पाहा!"

वामनराव कंपाउंडर औषधांच्या कपाटामागं उभे राहून कुरकुरत होते. आपण मनातल्या मनात बोलतो, अशी त्यांची समजूत. तेलखेडच्या सरकारी दवाखान्यात कपाट आणि टेबल यांच्यामध्ये दीड हाताची जागा होती. त्यामुळं सत्यभामाबाई नर्सना त्यांचं मन गेली चार वर्षं रोज ऐकू येत होतं.

"रोग लोकाइले होते वामनराव, नंबर आपल्याले लिवा लागते. लिवा."

चौसष्ट सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. वर्षभरापूर्वी बुलढाण्याहून एक छापील तक्ता आला, तो खळीनं भिंतीला चिकटवला होता. प्रत्येक आजाराचा एक नंबर. गोवर पंच्याऐंशी, खरूज एकशे पस्तीस, इसब सातशेएक. रजिस्टरात रोग्याच्या नावापुढं नंबर टाकायचा आणि महिनाअखेरी सगळे नंबर उतरवून कचेरीत पाठवायचे. अंगावर काही उठलं आणि ते कशातच बसेना, तर सातशेतीन. 'इतर पुरळ.' अर्ध्या गावाची खाज त्या सातशेतीनात मावत होती.

डॉक्टरांची दिवाळीतच बदली झालेली. नवे यायचे होते. तोवर दवाखाना म्हणजे बाई, वामनराव आणि तक्ता.

दारात चपला वाजल्या. सरपंच गुलाबराव पाटील आत आले. हातातला कागद त्यांनी बोटांच्या चिमटीत धरला होता, मेलेली पाल धरावी तसा.

"वाचा बाई. मोठ्यानं वाचू नका."

बाईंनी वाचलं. बुलढाण्याच्या कचेरीचं पत्र. सुभद्रा, नवऱ्याचं नाव हिंमतराव, वय एकोणीस, मौजे तेलखेड. मासिक तक्त्यात नंबर ०६०. तपासणीसाठी आणि आश्रमात भरती करण्यासाठी आज दुपारी चारला जीप येईल.

बाईंनी भिंतीकडं पाहिलं नाही. साठ नंबर काय, हे पाहावं लागत नव्हतं. महारोग. त्या रोगाचं नाव तोंडातून काढलं की तो ऐकणाऱ्याच्या घराची वाट धरतो, असं गाव मानत होतं.

"माहा भाऊ हिंमत तिकडं सरहद्दीवर बंदूक धरून उभा हाय," गुलाबराव म्हणाले, "अन् इथी त्याच्या बायकोले तुमी तो नंबर चिकटवला? माह्या घरचं पानी कोनी पिईन का आता?"

"पाटील, तिले साधं पुरळ हाय. माह्या ध्यानात हाय."

"मंग दुरुस्त करा. कोनं केलं ते शोधा अन् चारच्या आत दुरुस्त करा. पोरगी आमच्या घरची हाय, आमच्या घरीच राहीन. नाई जमलं, तर मेळघाटात लई दवाखाने खाली हायेत बाई. तिथी अस्वलाइले नंबर द्या."

हे बोलताना त्यांनी टेबलावर हात आपटायला उचलला आणि मध्येच थांबवून मांडीवर ठेवला. बाईंना तळवा दिसला. काळपट पडलेला, कडेनं कातडं सुटत असलेला.

"कुठी हाय ती?"

"बाहीर. वसरीत बसवली. घरातल्या बायका घाबरून राह्यल्या."

घरात बायका म्हणजे एकच, हे बाईंना माहीत होतं. गुलाबरावांची आई. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी, धाड गावी, जाऊन दोन महिने झाले होते.

गुलाबराव गेले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते.

---

सुभद्रा वसरीत खांबाला टेकून बसली होती. लोक तिच्यापासून चार हात दूर बसले होते. एका म्हातारीनं तर तिची सावली चुकवून जागा बदलली.

ही पोरगी रोज दुपारी दवाखान्यात येऊन बसायची. सातवी पास, अक्षर कोरलेलं. "घरी काय करू बाई, इथीच बसतो," म्हणायची. दसऱ्याला बाईंचा चष्मा फुटला आणि दिवाळीनंतर चिखलीहून नवा येईपर्यंत त्यांना आकडे म्हणजे मुंग्या दिसत. तेव्हा हीच पोरगी त्यांच्या शेजारी बसून वाचून दाखवायची, लिहून द्यायची.

आणि तिच्यावर साठ नंबर.

"घाबरू नको माय. चुकी झाली कोनाची तरी. मी काढतो शोधून. तुले कोनी कुठी नेत नाई."

सुभद्रेनं वर पाहिलं. बाईंनी अनेक बायकांच्या चेहऱ्यावरची सुटका पाहिली होती. मूल रडलं की जी दिसते ती. इथं तसं काही दिसलं नाही. पोरगी उलट पांढरी पडली.

बाईंनी ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं. हातात आधी रजिस्टर होतं.

---

"हा आकडा तुमचा, वामनराव?"

"कोनता?"

"बारा ऑक्टोबर. सुभद्रा. मी त्या दिवशी वाडीवर बाळंतपनाले गेलती."

वामनराव वाकले. त्यांनी आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

"बाई, डॉक्टरसायेब बोलले, साधं पुरळ, सातशेतीन. म्या सातशेतीनच लिवलं. हे... हे शून्य साठ कोनं लिवलं?"

"मी तुमाले इचारून राह्यली."

"मायची आन. लोकाच्या पोरीले असा नंबर देईन का म्या? मले दोन पोरी हायेत!"

बाईंनी पान उचलून खिडकीशी धरलं. आकड्याखालचा कागद पातळ होता, उजेड आरपार येत होता. कोणीतरी पात्यानं नीट खरवडलं होतं. ड्रेसिंगच्या पट्ट्या कापायचं पातं टेबलावर उघडंच असे.

"आता मागची पानं पाहा. हा गोवर. काय लिवलं तुमी?"

"पंच्याऐंशी."

"त्याच्या आधी शून्य हाय का?"

"नाई. काऊन असंन? शून्याले एवढी किंमत असती, तर ते मांगं नसतं लिवलं का? बिनकामाचं शून्य म्या लिवत नाई बाई. शाई सरकारची हाय, हात तं माहा हाय!"

त्यांचं खरं होतं. साऱ्या रजिस्टरात एकाही नंबराच्या आधी शून्य नव्हतं. फक्त ह्या एका साठाआधी होतं.

शून्य कुठं लिहितात? महिनाअखेरीच्या तक्त्यात. तिथं प्रत्येक नंबराला तीन चौकोन छापलेले असतात. आकडे दोन असले की पहिल्या चौकोनात शून्य भरायचं. ज्यानं तो तक्ता भरला, त्याच्याच हाताला ती सवय.

"तक्ता कोन भरते?" बाईंनी विचारलं.

वामनराव हळूच म्हणाले, "तुमी."

चोर शोधत निघालेल्या बाई स्वतःच्याच दारात येऊन उभ्या राहिल्या. वामनराव बिचारे कपाटाकडं वळले. ते बाटल्या पुसू लागले.

ऑक्टोबरात बाईंना आकडे दिसत नव्हते. हे त्या वामनरावांना बोलल्या नाहीत. पानं उलटत राहिल्या. बारा तारखेनंतर पुरळाचे आणखी कोणी? वीस ऑक्टोबर. खुद्द गुलाबराव पाटील. दोन्ही तळहातांना फोड. कारण, नवा साबण. नंबर सातशेतीन.

बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"वामनराव, पाटलाच्या हाताले तुमी पाह्यलं होतं?"

"पाह्यलं नं. पान्यानं भरलेले फोड, करवंदाएवढे. म्या म्हनलं, पाटील, साबन का तेजाब? तं माह्यावरच भडकले."

"फोड कुठी? हाताच्या मांगं का तळव्याले?"

"तळव्याले. अन् बोटाइच्या आतून."

"साबनानं?"

वामनरावांनी खांदे उडवले. "सरपंचाचा साबन. आपून काय बोलनार?"

---

बाराच्या सुमारास बाईंनी सुभद्रेला ड्रेसिंगच्या खोलीत घेतलं. दार लावलं.

"बाही वर कर."

"राहू द्या बाई."

"वर कर."

महिनाभर ही पोरगी मांडीला मांडी लावून बसली होती. उष्णतेचं पुरळ आहे म्हणाली आणि बाईंनी मान डोलावली. तिला तक्त्याचे नंबर शिकवले, बाही मात्र कधी वर केली नाही. आज केली.

दंडावर, मनगटांभोवती, मानेच्या मागं, कमरेच्या दोन्ही बाजूंना डाग होते. काही वाळून पांढरट पडलेले. काही ताजे, लाल, कडेनं पाझरणारे. जुन्या डागांवर नवे. आणि प्रत्येक डागाच्या मधोमध एक काळा ठिपका, सुईच्या टोकानं टेकवल्यासारखा.

वऱ्हाडात जन्मलेल्या बाईला तो ठिपका ओळखायला भिंतीवरचा तक्ता लागत नाही. बदली होऊन गेलेले डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना लागला असेल.

पण आधी दुसरी खात्री करायची होती. त्या रोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही. बाईंनी कापसाची वात केली.

"डोळे मीट. हात लागला की सांग."

पांढऱ्या डागावरून वात फिरवली.

"लागला?"

"नाई."

"आता?"

"नाई समजून राह्यलं बाई. काईच नाई समजत. पूर्न मेला हाय तो हात."

बाईंनी वात गार पाण्यात बुडवली आणि न सांगता डागावर टेकवली. सुभद्रा बोलली नाही. पण तिच्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत काटा उभा राहिला.

काट्याला खोटं बोलता येत नाही.

"पोरी, तुले सारं समजते. मंग नाई काऊन म्हनून राह्यली?"

सुभद्रेनं डोळे उघडले. ते कोरडे होते. रडणाऱ्या बाईला धीर देता येतो. ह्या डोळ्यांपुढं काय करावं ते बाईंना कळेना.

"मले जाऊ द्या बाई. जीप येईन तं बसू द्या."

"कुठी जातं ते माहीत हाय का तुले? तिथून कोनी वापस येत नाई. आलं तरी गाव घेत नाई."

"माहीत हाय."

"हिंमत सुट्टीवर आल्यावर त्याले काय सांगू?"

तिनं बाही खाली ओढली.

"त्या रोगाच्या मानसाले कोनी हात लावत नाई म्हनतात. खरं हाय का बाई?"

सत्यभामाबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"माहेरी काऊन नाई सांगितलं?"

"दिवाळीले गेलती जानेफळले. बाबा म्हने, नांदाले दिलेली पोरगी पाव्हनी म्हनून शोभते, चार दिवस. पाचव्या दिवशी एस्टीत बसवलं." ती थांबली. "मी काय सांगू बाई? ते सांगाले तोंड लागते."

"मंग मले सांग."

सुभद्रेनं मान हलवली. नाही.

---

एक वाजता कौशल्याबाई आल्या, गुलाबरावांच्या आई. फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी. साठीची, काटक बाई. नेसूचा पदर दातांत धरलेला.

"खाल्लं का हो तिनं काई?"

"नाई. कौशल्यामाय, बसा. एक इचारतो. घरात बिब्बा हाय?"

म्हातारीचा पदर दातांतून सुटला.

बिब्बा कोणाच्या घरात नसतो? पायात काटा मोडला, लावा बिब्बा. सांधा धरला, सुईला टोचून दिव्यावर धरा, तेल सुटलं की फुली टेकवा. पण सोसला नाही, तर तो उततो. कातडं भाजल्यासारखं होतं, आणि ज्याला सोसत नाही त्यानं नुसतं बोट लावलं तरी पुरे.

"आमच्या घरात नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "गुलाबले सोसत नाई. लहानपनी खेळता खेळता हातात धरला, तं आठ दिवस ताप. तवापासून बिब्बा उंबऱ्याच्या आत येत नाई. साऱ्या गावाले माहीत हाय."

"मंग तुमच्या बोटाले काय झालं?"

कौशल्याबाईंनी हात पदराखाली घेतला. उशीर झाला होता. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींची टोकं डांबरासारखी काळी होती.

"वांगे चिरले."

"वांग्याचा डाग राखेनं जातो. हा महिनाभर जात नाई."

"मले जाऊ द्या बाई. चूल पेटती हाय."

"माय, त्या पोरीले आज घेऊन जातीन. जन्माचं. तुमी काई सांगनार नाई का?"

म्हातारी दारापर्यंत गेली. पाठमोरीच म्हणाली, "सांगून कोनाचं भलं झालं बाई? एक लेक हाय, एक सून हाय. पोटातलं कोनतं काढून टाकू?"

पण ती घरी गेली नाही. वसरीत, सुनेपासून एका हातावर जाऊन बसली. चार हात नव्हे, एका हातावर. त्या रोगाची भीती ज्या बाईला असेल, ती तिथं बसणार नाही, हे बाईंनी खिडकीतून पाहिलं.

मग त्या टेबलाशी येऊन बसल्या. सारं हातात आलं होतं, आणि हातात आलेलं कुठं ठेवावं हे कळत नव्हतं. नंबर दुरुस्त करावा, तर पोरगी निरोगी ठरते आणि तिला पाटलाच्या घरी जावं लागतं. नंबर तसाच ठेवावा, तर पोरगी वाचते, पण जन्मभर त्या नंबराखाली. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये एक सरकारी रजिस्टर.

"वामनराव," त्या म्हणाल्या, "चार वाजताच पाटलाले बोलवा. म्हना, नंबर बदलनारा सापडला."

---

जीप सव्वाचारला आली. उतरले ते इंद्रभान, महारोग तपासणीचे कर्मचारी, खाकी पँट, हातात पत्र्याची पेटी. धूळ झटकत त्यांनी विचारलं, "पेशंट कोनती?"

खोलीत सहा माणसं होती. बाई, वामनराव, गुलाबराव, इंद्रभान. आणि दाराशी जमिनीवर कौशल्याबाई आणि सुभद्रा. गुलाबराव दिसताच सुभद्रेनं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुलाबराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं लहान सून उभी राहत नाही, हातातून हातात पाण्याचा तांब्या देत नाही. तिची सावलीही त्याच्यावर पडू देत नाहीत.

"सापडला नं चोर?" गुलाबराव म्हणाले. "सांगा सायेबाले, अन् नंबर दुरुस्त करा. आमी पोरीले घेऊन जातो."

"आधी तुमी तपासा," बाई इंद्रभानना म्हणाल्या.

त्यांनी तपासलं. पीस, टाचणी, गार पाणी, गरम पाणी. सुभद्रेनं पुन्हा 'नाही, नाही' म्हटलं. इंद्रभानांनी तिच्या हातावरचा काटा पाहिला आणि पेटी बंद केली.

"तो रोग नाई. हे तं कायतरी भाजल्यासारखं हाय."

"बिब्बा हाय," बाई म्हणाल्या. "लावलेला. एकदा नाई, महिनाभर."

त्यांनी रजिस्टर इंद्रभानांपुढं सरकवलं.

"नंबर सुभद्रेनं बदलला, साहेब. डॉक्टरनं सातशेतीन सांगितलं होतं, वामनरावनं तेच लिवलं होतं. एकतीस तारखेले तक्ता भराचा होता अन् माहा चष्मा फुटला होता. मी तिच्या हातून भरून घेतला. मधातच मले बाळंतपनाले बोलावनं आलं. दोन घंटे ती इथी एकटी होती. रजिस्टर समोर, पातं समोर. तिनं खरवडलं अन् साठ लिवला. पन तक्त्यात तीन चौकोन असतात. दिवसभर शून्य भरून भरून हाताले सवय लागली होती, ते शून्य रजिस्टरात बी पडलं. तशी सवय इथी दोघीइलेच. एक मी अन् दुसरी मीच शिकवलेली."

"पागल हाय का हे पोरगी?" गुलाबराव उठले. "सोताले असा रोग लावून घेते? चल घरी! माय, उठव तिले."

"बसा पाटील. अजून झालं नाई."

बाईंचा आवाज चढला नव्हता. पण वामनरावांनी चार वर्षांत तो असा ऐकला नव्हता. ते कपाटाला टेकले.

"बिब्बा तिनं लावून घेतला, पन तुमच्या घरात तो येत नाई. आनला कौशल्यामायनं. सुई दिव्यावर त्याइनंच धरली, त्याइची बोटं पाहा. मी दुपारभर इचार केला, कोनती सासू सुनेले बिब्ब्यानं भाजते? छळाची असती तं तोंडावर लावला असता, दिसंन तिथी. हा लावला मनगटाले, दंडाले, मानेले, कमरेले. धराच्या जागी."

बाई पुढं बोलत राहिल्या.

"अन् बिब्बाच काऊन? मिरची होती, चुना होता. साऱ्या गावाले माहीत हाय, बिब्बा कोनाले सोसत नाई ते."

इंद्रभानांची नजर गुलाबरावांकडं गेली.

"रजिस्टरात बारा तारखेले सुभद्रा. वीस तारखेले पाटील, दोन्ही तळव्याले फोड. दोघाइले एकच नंबर, सातशेतीन. डॉक्टरले वेगळे रोगी दिसले, मले आज एकच रोग दिसला. पाटील, हात दाखवा."

गुलाबरावांनी हात मागं घेतले.

"साबनानं झालं होतं."

"साबनानं हाताच्या मांगं बी होते. तुमच्या फक्त तळव्याले झालं, बोटाइच्या आतून. काईतरी घट्ट धरल्यावानी. अन् उतला बिब्बा तुमी लहानपनापासून ओळखता. मंग डॉक्टरले साबन काऊन सांगितलं?"

"दोरीवरचं लुगडं काढलं असंन म्या. त्याले लागला असंन."

"लहान सुनेचं लुगडं? भासऱ्यानं?"

वामनरावांच्या तोंडून "अरारा" निघालं आणि त्यांनी ते हातानं झाकलं.

गुलाबरावांचा चेहरा तांबडा झाला. "बाई, तोंड सांभाळा. काय म्हनायचं हाय तुमाले? म्हना! म्हना नं सायेबापुढं!"

सत्यभामाबाईंनी तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. शंभर बाळंतपणं केलेली बाई ती, शरीराचं कोणतं नाव तिच्या तोंडून गेलं नव्हतं? पण हे एक वाक्य घशाशी आडवं आलं. कारण ते बोललं, की सुभद्राच गावभर फिरणार होती, गुलाबराव नव्हे. आणि पाहिलं तरी कोणी होतं?

इंद्रभानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, मले समजून राह्यलं. पन मी सरकारी मानूस. रोग नसंन तं जीपीत बसवता येत नाई. घरचा कर्ता मानूस घेऊन जातो म्हनते. नाई म्हनाले मले कारन पाहिजे. कोनी तरी सांगितलेलं, लिवून घेतलेलं. तसं असंन तं मी आजच बुलढाण्याले फौजदाराकडं नेतो. हिंमतरावले तार करतो, तो येईपर्यंत पोरगी कुठी तरी सुखरूप ठेवता येईन."

"चिखलीले माही बहीन हाय," बाई घाईनं म्हणाल्या. "तिच्या घरी ठेवतो. मी सोबत येतो."

"ठेवा. पन कारन?"

त्यांनी सुभद्रेकडं पाहिलं. ती भिंतीकडंच वळलेली होती. पदराच्या आतून एवढंच आलं, "मी तो नंबरच घेतो सायेब. तो नंबर राहू द्या. बाकी काई इचारू नका."

गुलाबराव हसले. हलकेच. सकाळपासून पहिल्यांदा. "पाह्यलं? तिचं बी काई म्हननं नाई. माय, उठव तिले. घरी जाऊ."

कौशल्याबाई उठल्या. सुनेचा हात त्यांनी धरला, ताज्या डागावर, काळ्या बोटांनी, आणि तिला उठवली. गुलाबराव दाराकडं वळले. म्हातारी वळली नाही. सुनेला तिनं बाईंच्या बाजूला नेऊन उभी केली, आणि मग इंद्रभानांसमोर येऊन, पदर डोक्यावरून खाली पडला तरी न सावरता, उभी राहिली.

"लिवा सायेब. माहं नाव कौशल्याबाई. हा माहा थोरला लेक."

"माय!" गुलाबराव ओरडले.

"लिवा. ह्यानं लहान्या सुनेवर जबरी केली. दोन खेपा. पहिल्या खेपेले मी वावरात होती. दुसऱ्या खेपेले मी दाराच्या बाहीर उभी होती, सारं आयकत होती, अन् आत गेली नाई."